१२३४५६७८९८७६५४३२१ : अवयव, विभाजक आणि आवर्तन

प्रश्न थोडक्यात असा आहे : १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या नुसती दिसायला सुंदर आहे, की तिच्यात गणित म्हणून खरोखर काही आहे? ती मूळ संख्या आहे का? तिचे अवयव कागद-पेन्सिलीने पाडता येतील का? आणि एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग केला की शेवटचे ३२१ जाऊन ३०० का उमटतात?

सगळ्या उत्तरांची किल्ली एकच आहे. नऊ एकांच्या संख्येला, म्हणजे १११११११११ ला, आपण ‘क’ म्हणू आणि विचारलेल्या संख्येला ‘स’ म्हणू. मग

स = क × क
९ × क = ९९९९९९९९९, म्हणजे एक अब्जाला एक कमी

खालचा जवळजवळ प्रत्येक गुणधर्म या दोन ओळींतून निघतो. ‘स’ कडे सतरा अंकांची माळ म्हणून पाहिले तर ती गूढ वाटते. ‘अब्ज वजा एक, त्याचा वर्ग, भागिले ८१’ असे पाहिले की ती उलगडू लागते. ८१ × स = ९९९९९९९९९ × ९९९९९९९९९ = ९९९९९९९९८००००००००१, हे एकदा पडताळून ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी वाचन. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत अशी परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. त्यांत सतरावे स्थान ‘मध्य’, म्हणजे ‘स’ चा पहिला १ मध्य स्थानी बसतो. दहा एकांचा वर्ग एकोणीस अंकी होतो आणि परार्धाच्याही पलीकडे जातो. त्यामुळे लीलावतीची नावे पुरतील असा नुसत्या एकांचा शेवटचा वर्ग हाच.

वर्ग असा चढत-उतरत का जातो

शाळेत शिकवतात तसा उभा गुणाकार मांडा. क ला क ने गुणायचे म्हणजे १११११११११ हीच ओळ नऊ वेळा लिहायची आणि दर वेळी एक घर डावीकडे सरकवायची. आता स्तंभांची बेरीज करा. अगदी उजव्या स्तंभात एकच १ आहे, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन, असे करत मधल्या स्तंभात नऊ. तिथून पुढे उजवीकडच्या ओळी संपत जातात आणि संख्या आठ, सात, सहा अशी उतरते. कुठल्याच स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि स्तंभांची उंचीच अंक बनून समोर राहते.

दहा एक घेतले की मधला स्तंभ १० होतो. तिथे ० राहतो आणि हातचा १ डावीकडच्या ९ वर पडतो. त्याचेही १० होतात, तिथेही ० राहतो आणि पुढचा हातचा ८ वर पडून त्याचे ९ होतात. म्हणून ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे. ‘पुढेही असेच चालते’ असे समजून मधे १० घुसवलेले १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असे उत्तर लिहिणे ही नेहमीची चूक आहे. सोळाच्या पायात (जिथे दहाऐवजी सोळा झाल्यावरच हातचा येतो) मात्र पंधरा एकांपर्यंत ही शिडी टिकते, कारण तिथे स्तंभात पंधरापर्यंत हातचा लागत नाही.

महाराष्ट्राला ही संख्या परकी नाही. देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटले. डेमलो हे आजच्या डोंबिवली स्टेशनाचे जुने नाव, आणि या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला होता. त्यांची कल्पना अशी : संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करायचे. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा यावा, आणि डाव्या-उजव्या भागांची बेरीजही त्याच अंकाची बनलेली असावी. १६५ मध्ये १ + ५ = ६ आणि मधे ६. २५५३ मध्ये २ + ३ = ५ आणि मधे ५५. ‘स’ मध्ये डावीकडे १२३४५६७८, मधे ९, उजवीकडे ८७६५४३२१ आणि बेरीज ९९९९९९९९. म्हणजे ‘स’ डेमलो आहे. १, १२१, १२३२१ पासून चढत येणाऱ्या या खास मालिकेला कापरेकरांनी ‘अद्भुत’ डेमलो संख्या म्हटले.

संगणकावर शेवटचे अंक का बिघडतात

एक्सेल संख्येचे फक्त १५ सार्थ अंक धरून ठेवते. ‘स’ सतरा अंकी आहे, म्हणून शेवटच्या दोन अंकांच्या जागी शून्ये येतात आणि १२३४५६७८९८७६५४३०० दिसते. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये हाच गुणाकार १२३४५६७८९८७६५४३२० देतो. तिथे पूर्णांक अचूक राहण्याची हमी ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच आहे (२ चा ५३ वा घात). त्याच्या वर, दुप्पट होईपर्यंत, फक्त सम संख्या साठवता येतात. ‘स’ विषम असल्याने तिला नेमकी जागाच नाही आणि ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते.

हा फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. ‘...३००’ वाल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८ आणि ‘...३२०’ वालीची ८०. पहिलीला ९ ने भाग जात नाही, दुसरीला ३ नेही नाही. खऱ्या ‘स’ ला ८१ ने भाग जातो. म्हणजे बिघडलेल्या अंकांवर विभाज्यता तपासली तर आलेला निष्कर्ष चुकू शकतो, आणि कुठे चुकले ते उत्तर पाहून कळणारही नाही.

पायथनमध्ये पूर्णांकाला अंकांची मर्यादा नाही, तिथे सरळ गुणा. ६४ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत जागा असते, म्हणजे ‘स’ आरामात मावते आणि दहा एकांचा वर्गही मावतो. अकरा एकांचा मावत नाही. एक्सेलच वापरायचे असेल तर क चे १११, १११, १११ असे तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एकेका गटाला एक अंक समजून गुणाकार करा. १११ × १११ = १२३२१. म्हणून उजवीकडून पाच घरांत १२३२१, २४६४२, ३६९६३, २४६४२, १२३२१ येतील. आता प्रत्येक घरात शेवटचे तीन अंक ठेवा आणि उरलेले हातचा म्हणून डावीकडे द्या. पहिल्या घरात ३२१, हातचा १२. दुसऱ्यात २४६५४ होतात, तिथे ६५४ ठेवून हातचा २४. तिसऱ्यात ३६९८७, म्हणजे ९८७ आणि हातचा ३६. चौथ्यात २४६७८, म्हणजे ६७८ आणि हातचा २४. पाचव्यात १२३४५, म्हणजे ३४५, आणि सर्वांत डावीकडे १२. गट जोडले की १२ ३४५ ६७८ ९८७ ६५४ ३२१. कुठल्याही घरात पाचपेक्षा जास्त अंक येत नाहीत, त्यामुळे काही हरवत नाही. एक सांभाळायचे : शेवटी गट जोडताना मजकूर म्हणून जोडा. संख्या म्हणून जोडले की पुन्हा १५ अंकांचीच मर्यादा आडवी येते.

विभाज्यता : एकेक, तीन-तीन, नऊ-नऊ अंकांचे गट

९ ची कसोटी सगळ्यांना येते, अंकांची बेरीज करायची. ‘स’ ची बेरीज १ ते ९ आणि पुन्हा १ पर्यंत, म्हणजे ८१. हीच कसोटी तीन-तीन अंकांच्या गटांनी केली की ९९९ साठी चालते, कारण १००० ला ९९९ ने भागल्यास बाकी १ उरते. १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, आणि २ + ९९७ = ९९९. म्हणजे ‘स’ ला ९९९ ने भाग जातो. ९९९ = २७ × ३७, म्हणून ३७ हा अवयव इथेच हाती येतो. आता नऊ-नऊ अंकांचे गट करा : १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. म्हणजे अब्ज वजा एकनेही पूर्ण भाग जातो! भागाकार येतो १२३४५६७९.

हा ८ गाळलेला आकडा अनेकांच्या ओळखीचा असतो : १२३४५६७९ × ९ = १११११११११. इथे ८ घातलात तर १२३४५६७८९ × ९ = ११११११११०१ होते आणि सगळे फिसकटते. त्यामुळे पाठ करताना ‘सातानंतर थेट नऊ’ हे पक्के ठेवा.

७, ११ आणि १३ साठी तीन-तीन अंकांचे गट आलटून पालटून मिळवायचे आणि वजा करायचे : ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. ३०९ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने १, १३ ने १०. तिघांनीही भाग जात नाही.

अवयव पाडणे

सतरा अंकी संख्येचे अवयव हाताने पाडायचे म्हटले की छाती दडपते, पण इथे रचना मदतीला येते. नऊ एक म्हणजे तीन एकांचे तीन गट, म्हणून क = १११ × १००१००१. यातला १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून १००१००१ = ३ × ३३३६६७.

त्यामुळे क = ३ × ३ × ३७ × ३३३६६७ आणि

स = ३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७

म्हणजे ‘स’ मूळ संख्या नाही. ती पूर्ण वर्ग आहे, तेव्हा तसा प्रश्नच नव्हता. जाता जाता, स = १२३२१ × १००२००३००२००१ असेही लिहिता येते. लहान डेमलो आणि शून्ये पेरून लांबवलेला तोच डेमलो यांचा हा गुणाकार आहे.

खरे काम उरते ते ३३३६६७ मूळ आहे हे दाखवण्याचे, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच पायरी ‘उघडच आहे’ म्हणून गाळलेली असते. तिचे वर्गमूळ ५७७ च्या किंचित वर आहे. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. सगळ्यांनी भागून बघायचे तर एक दुपार जाईल. त्याऐवजी असा विचार करा.

समजा एखादी मूळ संख्या ‘प’ ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ लाही भागते, म्हणजे १ ÷ प च्या दशांशाचे आवर्तन (पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) ९ अंकांचे, किंवा ९ च्या विभाजकाइतके, म्हणजे ३ किंवा १ अंकाचे असणार. आवर्तन ३ किंवा १ असेल तर ‘प’ ने ९९९ ला भाग गेला पाहिजे, म्हणजे ‘प’ ३ किंवा ३७ हवी. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ नाही. गट ३३३ + ६६७ = १०००, पुन्हा गट पाडले की १, म्हणजे ३७ ने भागल्यास बाकी १, म्हणून ३७ ही नाही. तेव्हा आवर्तन नेमके ९. आता फर्माच्या प्रमेयाप्रमाणे आवर्तनाची लांबी प − १ ला नेहमी भागते. म्हणजे प − १ ला ९ ने भाग जातो. ‘प’ विषम आहे म्हणून २ नेही जातो. थोडक्यात ‘प’ ला १८ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या (३७ वगळून) फक्त सोळा आहेत. ३३३६६७ ला त्यांनी भागल्यावर उरणाऱ्या बाक्या अशा : १९ ने ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ने ५१६, ५४१ ने ४११ आणि ५७७ ने १६१. शून्य कुठेच नाही. ३३३६६७ मूळ आहे. शेवटचा ५७७ विसरू नका. ५७७ × ५७७ = ३३२९२९ ही ३३३६६७ पेक्षा लहान आहे, तेव्हा तोही तपासावाच लागतो.

इथे एक फार सुरेख गोष्ट हाती लागते. आवर्तन नेमके १ असलेली मूळ संख्या एकच आहे, ती ३. आवर्तन नेमके ३ असलेली एकच, ती ३७. आणि आवर्तन नेमके ९ असलेली एकच, ती ३३३६६७ (१ ÷ ३३३६६७ = ०.०००००२९९७ ०००००२९९७...). ‘स’ चे तिन्ही मूळ अवयव आपापल्या आवर्तनाचे एकटे मालक आहेत.

विभाजक

विभाजक मोजताना ३ चा घात ० ते ४ म्हणजे ५ प्रकारे, ३७ चा ३ प्रकारे, ३३३६६७ चा ३ प्रकारे निवडता येतो, म्हणून ५ × ३ × ३ = ४५. बरोबर मधला विभाजक क स्वतः. २२ त्याच्या खाली, २२ वर. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे क मध्ये ३ दोनदा आहे हे विसरून त्याचा घात ४ ऐवजी २ धरणे. मग उत्तर २७ येते.

सगळ्या विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. यातून ‘स’ वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे ‘स’ च्या निम्म्याहून थोडे जास्त. परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असलेली) होण्यापासून ती बरीच दूर आहे. ‘स’ पेक्षा लहान आणि तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या संख्या ८००७९८३९९१९९२०१६ आहेत, दर शंभरांत सुमारे ६५.

दोन वर्गांची बेरीज

‘स’ दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? ४ ने भागल्यावर बाकी १ देणारी मूळ संख्याच इथे खरी निवड देते. ३ आणि ३३३६६७ दोन्ही ३ बाकी देतात, त्यामुळे ते बेरजेतल्या दोन्ही संख्यांत अखंड गुणक म्हणून यावे लागतात. राहतो एकटा ३७. ३७ चा वर्ग १३६९ = १२२५ + १४४, म्हणजे ३५ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग. बाकीचा गुणक ९ × ३३३६६७ = ३००३००३. त्याने गुणले की

१०५१०५१०५ × १०५१०५१०५ + ३६०३६०३६ × ३६०३६०३६ = १११११११११ × १११११११११

कर्ण नऊ एकांचा असलेला काटकोन त्रिकोण! आणि पूर्णांकी बाजूंचा असा त्रिकोण हा एकच आहे.

१ भागिले स

या संख्येचा सर्वांत समृद्ध भाग इथे आहे, आणि तिकडे फारसे कोणी वळत नाही.

आधी १ ÷ ९९९९९९९९९ चा दशांश पाहू. नऊ-नऊ अंकांची घरे पाडली की प्रत्येक घरात आठ शून्ये आणि शेवटी १ येतो : ००००००००१, ००००००००१, ००००००००१, असे अखंड. आता याचा वर्ग करा. हा पुन्हा नुसत्या एकांच्या ओळीचाच वर्ग आहे, फक्त ओळ संपत नाही. म्हणून स्तंभ चढतात पण उतरत नाहीत : घरांत ०, १, २, ३, ४... येत राहतात. १ ÷ स मिळवायला याला ८१ ने गुणायचे. म्हणून

१ ÷ स = ०.०००००००००  ०००००००८१, मग ००००००१६२, ००००००२४३, ००००००३२४, ००००००४०५...

नऊ-नऊ अंकांच्या घरांत लिहिलेला ८१ चा पाढाच हा. शून्ये मोजण्यात हमखास घोळ होतो, म्हणून प्रत्येक घर नेमके नऊ अंकांचे आहे ना, हे मोजूनच पुढे जा.

पाढा कुठपर्यंत चालतो? ८१ × १२३४५६७८ = ९९९९९९९१८ पर्यंत. पुढचा ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९. त्याच्याही पुढचा अब्जाच्या वर जातो आणि त्याचा हातचा १ या ९९९९९९९९९ वर पडतो. तिथे नऊ शून्ये होतात आणि हातचा आणखी डावीकडे ९९९९९९९१८ वर जाऊन त्याचे ९९९९९९९१९ होतात. नऊ शून्यांपासून पाढा पुन्हा सुरू. म्हणजे एका आवर्तनात १२३४५६७९ घरे, प्रत्येकी ९ अंक, एकूण १११११११११ अंक. ‘स’ च्या व्यस्ताचे आवर्तन नेमके क अंकांचे आहे.

यापेक्षा लहान आवर्तन नाही हे असे दिसते. आवर्तन ९ च्या पटीत हवे, कारण ३३३६६७ चे आवर्तन ९ आहे. अब्ज म्हणजे १ + ९क. अब्जाचा दुसरा, तिसरा, चौथा घात ‘स’ ने भागला तर बाकी १ + १८क, १ + २७क, १ + ३६क अशी वाढते, कारण क × क असलेले सगळे ‘स’ मध्ये विरून जाते. बाकी पुन्हा १ व्हायला घाताच्या ९ पटीला क ने भाग गेला पाहिजे, आणि तसा पहिला घात क ÷ ९ = १२३४५६७९ हाच.

१ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९ ०१२३४५६७९... यात ८ का गायब, हे कोडेही इथेच सुटते. ते याच गणिताचे एका अंकाच्या घरांतले रूप आहे. शेवटच्या घरातल्या ८ वर हातचा पडून त्याचे ९ होतात, जसे वर ९९९९९९९१८ चे ९९९९९९९१९ झाले.

हर्षद आणि स्वयंभू

कापरेकरांनी नाव दिलेले आणखी दोन प्रकार ‘स’ वर तपासण्यासारखे आहेत. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला ते हर्षद म्हणत. ‘स’ ची बेरीज ८१ आणि स ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. तेव्हा ‘स’ हर्षद आहे.

दुसरा प्रकार स्वयंभू, म्हणजेच देवळाली संख्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते : २१ + ३ = २४, म्हणून २४ चा जनक २१. ज्या संख्येला असा जनकच नाही ती स्वयंभू, उदाहरणार्थ २०. ‘स’ स्वयंभू आहे का? जनक ‘स’ पेक्षा लहान, म्हणून जास्तीत जास्त सतरा अंकी आणि सतरा अंकी असल्यास पहिला अंक १. त्याच्या अंकांची बेरीज फार तर १ + १६ × ९ = १४५. शिवाय संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज ९ ने भागल्यावर सारखीच बाकी देतात, आणि दोन्ही मिळून ‘स’ म्हणजे ९ ची पट होते, म्हणून ती बेरीजही ९ च्या पटीतच हवी. राहिले ९, १८, २७ पासून १४४ पर्यंतचे सोळा पर्याय.

‘स’ मधून यांतला कोणताही वजा केला तरी फक्त शेवटचे तीन अंक बदलतात. आधीच्या १२३४५६७८९८७६५४ या चौदा अंकांची बेरीज ७५ कायम राहते. ९ वजा केले तर शेवट ३१२, बेरीज ८१; हवी होती ९. २७ वजा केले तर २९४, बेरीज ९०. हवी होती २७. असे सोळाही करून बघितले की एकूण बेरीज ८१ किंवा ९० एवढीच येते. ९० वजा केल्यावर शेवट २३१ येतो आणि बेरीज ८१, म्हणून ९० बाद. ८१ वजा केल्यावर शेवट २४० येतो आणि बेरीज ७५ + ६ = ८१. जमले.

म्हणजे ‘स’ स्वयंभू नाही. तिला एक आणि एकच जनक आहे : १२३४५६७८९८७६५४२४०.